जबड्याच्या ऑपरेशननंतर ओठ बधिर आणि हनुवटी तिरकी राहिली, तर किती थांबायचं?

तुम्ही साताऱ्याहून लिहिलंय की दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, खालचा ओठ डावीकडे अजून बधिर आहे, हनुवटी उजवीकडे सरकल्यासारखी दिसते. डॉक्टर नुसतं "थांबा" म्हणतात, घरचे "आधीच बरी होतीस" म्हणतात, आणि त्यात स्थळं बघणं सुरू आहे. मी सांगलीची. माझंही हेच ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालं आणि मलाही त्यानंतर बराच त्रास झाला. मी डॉक्टर नाही, पण यातून गेलेली आहे.

थांबा, पण दर महिन्याला नोंद ठेवून थांबा. नोंद नसेल तर रोज आरशात बघून जीव नुसता टांगणीला लागतो, आणि वर्षाने डॉक्टरांपुढे बसल्यावर "कमी झालं की वाढलं?" या साध्या प्रश्नालाही उत्तर देता येत नाही.

आधी ओठाचं. खालच्या जबड्याच्या हाडातून, दाढांच्या मुळांखालून एक नस येते आणि हनुवटीपाशी बाहेर पडते. ओठाची आणि हनुवटीची संवेदना तिच्यावर असते. जबडा पुढे-मागे करायला हाडाचे लांबीत दोन पदर करतात, आणि ही नस नेमकी त्या पदरांमध्ये असते. ती तुटली नाही तरी ताणली जाते. म्हणून ऑपरेशननंतर बधिरपणा जवळजवळ सगळ्यांनाच येतो. पहिल्या काही महिन्यांत बराच उतरतो, वर्षभर उतरत राहतो, काहींना त्यानंतरही थोडा फरक पडतो. काहींचा थोडा भाग कायम बधिर राहतो, हेही तुम्हाला आत्ताच माहीत असलेलं बरं. माझा ओठ परत आला. हनुवटीवर रुपयाएवढी जागा अजून तशीच आहे आणि आता ती माझ्या लक्षातही नसते.

मला एक पद्धत शिकवली होती, ती तुम्हीही करून बघा. कापसाची बारीक वात घ्यायची, डोळे मिटायचे, आणि चांगल्या बाजूकडून बधिर बाजूकडे हळूहळू टेकवत जायचं. जिथे स्पर्श कळेनासा होतो तिथे आयब्रो पेन्सिलने ठिपका. असे ठिपके जोडले की बधिर भागाचा नकाशाच तयार होतो. त्याचा फोटो काढून तारीख टाकायची, पुन्हा पुढच्या महिन्यात. काहीच होत नाही असं मला वाटत राहायचं, पण फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं की रेघ ओठाच्या कोपऱ्याकडून आत सरकली होती. मऊ ब्रशने ओठावर रेघा ओढताना आरशात बघायचा व्यायामही असतो. त्याने नस लवकर भरते असं नाही, पण बधिरपणाचा जाच कमी वाटतो. चहा मात्र आधी मनगटावर थेंब टाकून बघत जा. ओठाला कपाची कडच कळत नाही आणि भाजतं ते नंतर दिसतं.

मुंग्या येणं, खाज सुटणं हे सहसा नस जागी होत असल्याचं लक्षण. पण नुसत्या वाऱ्याने किंवा स्पर्शाने आग होत असेल, शॉक बसल्यासारखी कळ येत असेल, तर ते आजच डॉक्टरांना सांगा. नसेच्या दुखण्यावर वेगळी औषधं असतात, नेहमीच्या पेनकिलरने ते थांबत नाही. हसताना ओठाची एक बाजू खाली ओढलीच जात नसेल तर तेही आवर्जून सांगा, कारण हालचालीची नस वेगळी असते.

आता हनुवटी. पाच महिन्यांत वरवरची सूज गेलेली असते, पण आतली थोडी सूज वर्षभरही रेंगाळते, आणि ती दोन्हीकडे सारखी नसते. शिवाय सेल्फीवर जाऊ नका. मोबाइल चेहऱ्याजवळ असला की नाक-हनुवटी मोठी आणि वाकडी दिसते. दुसऱ्या कुणाला तरी पाच-सहा फुटांवरून, केस मागे बांधून, दात मिटून, खिडकीकडे तोंड करून फोटो काढायला सांगा. दर महिन्याला तीच जागा, तोच मोबाइल.

मग डॉक्टरांना "वाकडं दिसतंय" एवढंच सांगू नका. विचारा: वरच्या दातांची मधली रेघ चेहऱ्याच्या मध्यापासून किती मिलिमीटर सरकलीय? खालची वरच्यापासून किती? हनुवटी किती? वरचा जबडा एका बाजूला उतरता आहे का? एखाद-दोन मिलिमीटरचा फरक ऑपरेशन न झालेल्या चेहऱ्यांतही असतो. दातांच्या रेघेतला फरक तारा आणि रबर बँडने बराच भरून निघतो, आणि तुमच्या तारा अजून आहेत. दात नीट जुळलेत आणि फक्त हनुवटीचं टोक सरकलंय असं निघालं, तर त्यासाठी दोन्ही जबडे पुन्हा कापायची गरज नसते, हनुवटीचं छोटं ऑपरेशन वेगळं होतं. ऑपरेशनची भाषा पहिलं वर्ष होईपर्यंत नकोच. त्याच नसेला पुन्हा धक्का लागू शकतो.

पण काही गोष्टींसाठी थांबायचं नाही. समोरचे दात आधी जुळत होते आणि आता त्यांच्यात फट पडत चाललीय, हनुवटी महिन्यागणिक मागे किंवा बाजूला सरकतेय, असं असेल तर कानापुढच्या सांध्याचं हाड झिजतंय किंवा वाढतंय का ते बघावं लागतं. त्यासाठी सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे), गरज पडली तर बोन स्कॅन (हाडात अजून बदल चालू आहे का ते दाखवणारी तपासणी) करतात. ओसरलेली सूज पुन्हा आली, ताप आला, तोंडात घाण चव किंवा पू आला, तर हाड जोडायला आत बसवलेल्या धातूच्या प्लेटला इन्फेक्शन असू शकतं. माझी एक प्लेट त्यामुळेच काढावी लागली. हाड जुळलेलं होतं, त्यामुळे ते काम पहिल्या ऑपरेशनच्या मानाने किरकोळ होतं. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर जबड्याचा व्यायाम आत्ताच विचारून घ्या.

दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला अजिबात संकोच करू नका. कराड तुम्हाला जवळ आहे. तिथे मलकापूरला कृष्णाचं डेंटल कॉलेज आहे, सांगलीतही डेंटल कॉलेजं आहेत. कॉलेजात सर्जन आणि तारा लावणारे डॉक्टर एकाच ठिकाणी भेटतात, आणि तुमच्या प्रश्नाला दोघं एकत्र बसणं फार महत्त्वाचं आहे. जाताना ऑपरेशनआधीचे आणि लगेच नंतरचे एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी घेऊन जा. त्यांच्या प्रती मागणं हा तुमचा हक्क आहे.

"आधीच बरी होतीस" हे मीही ऐकलंय आणि ते किती लागतं ते मला माहीत आहे. आईला एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या, ऑपरेशनआधीचा एक्स-रे त्यांच्याच तोंडून समजावून घेऊ द्या. माझ्या घरात तेव्हापासून ते बोलणं थांबलं. झोप उडाली असेल, कुणापुढे जावंसं वाटत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

स्थळांचं विचाराल, तर तारा निघेपर्यंत बायोडाटासाठी नवा फोटो काढायला बसू नका, घरच्यांकडून तेवढी मुदत स्पष्ट मागून घ्या. त्याआधी कुणी बघायला आलंच, तर दात जुळत नव्हते म्हणून ऑपरेशन केलं, अजून उपचार चालू आहेत, एवढं पहिल्याच भेटीत तुम्ही स्वतः सांगा. मध्यस्थाकडून कळू देऊ नका.