आयुर्मान, आयुष्यमान आणि उपग्रह

प्रश्न असा आहे: ‘टीव्हीच्या उपग्रहाचे आयुष्यमान १५ वर्षे असते, ते संपले की तो निकामी होतो’ या वाक्यात आयुष्यमान बरोबर की आयुर्मान?

आयुर्मान. आयुष्मान म्हणजे आयुष्य लाभलेला, आयुर्मान म्हणजे आयुष्याचे माप. ‘आयुष्यमान’ ही दोघांची खिचडी, बातम्यांत रोज ऐकून कान किटले. आयुष्य आणि मान यांचा समास होतोच की, असे सांगणारे जाणकार भेटतात. होतो. पण नेटका शब्द हाताशी असताना आणि आयुष्मानशी घोटाळा उघड दिसत असताना त्याची तरफदारी कशाला?

खरी चूक ‘संपले’मध्ये आहे. माप संपत नाही. पाऊस थांबतो, पर्जन्यमान थांबत नाही. भारताच्या इन्सॅट-१ मालिकेतल्या उपग्रहांचे आयुर्मान ७ वर्षे धरले होते. १-ए एप्रिल १९८२ मध्ये वर गेला आणि सप्टेंबरात त्याचे आयुष्य संपले, कारण त्याला सावरून धरणारे इंधनच उरले नाही. १९८३ चा १-बी मात्र सात वर्षे पुरी करून पुढेही चालला. आयुर्मान एकच, आयुष्ये किती वेगळी!

आता ‘आयुस्’कडे, म्हणजे आयुष्य, आयुर्मान यांच्या मुळाशी असलेल्या संस्कृत शब्दाकडे येतो. उणादिसूत्रे, म्हणजे शब्द धातूंपासून कसे बनले हे सांगणारी संस्कृत व्याकरणातली जुनी सूत्रे, हा शब्द ‘इ’ म्हणजे जाणे या धातूपासून लावतात: एति इति आयुः, जाते ते आयुष्य. तौलनिक भाषाशास्त्रवाले यावर नाक मुरडतात. त्यांच्या मते मूळ अर्थ जीवनशक्ती. ग्रीक आयॉन आणि लॅटिन एवुम (दोन्ही म्हणजे आयुष्य, युग) आणि आपला युवन् (तरुण) हे भाऊबंद. कुळ त्यांनी अचूक लावले असेल. पण मराठी माणूस आयुष्य ‘गेले’, ‘सरले’ का म्हणतो, हे त्या कुळावरून कळत नाही. ‘एति’वरून लख्ख कळते. शब्द वापरणाऱ्यांच्या मनात कसा नांदतो हे सांगणारी व्युत्पत्ती मला अधिक मोलाची वाटते.

उपग्रहात हे जाणे मोजता येते. पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तो विषुववृत्तावर एकाच जागी दिसायला हवा, कारण खालच्या डिश तिकडेच रोखलेल्या असतात. सूर्य-चंद्राची ओढ मात्र त्याची कक्षा दरवर्षी अंशाला थोडी कमी एवढी कलती करते. तसेच सोडले तर तो रोज आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढू लागेल. म्हणून छोटे झोत सोडून त्याला पुन्हा पुन्हा जागेवर आणतात, आणि जागेवर पोचल्यावर उरलेले बहुतेक इंधन या एका कामात जाते. टाकीतून जाते तेच त्याचे आयुष्य.

शेवटचे थोडे इंधन राखून ठेवतात, त्याला सुमारे ३०० किलोमीटर वर सरकवून वाट मोकळी करण्यासाठी. वाहिन्या पोचवणारी यंत्रे तेव्हाही अनेकदा धडधाकट असतात. तेव्हा ‘निकामी झाला’ही नको; ‘इंधन सरले, सेवेतून काढला’ असे लिहा.