‘कारणाशिवाय काही नाही’ : जोर कुठे द्यायचा?

प्रश्न : कारणाशिवाय काहीही नसते, हे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचे तत्त्व. विसाव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर याने ते उलटवले, असे आमच्या अभ्यासमंडळात काही जण म्हणतात. म्हणजे जगाला कारणच नाही, असे त्याचे मत आहे का?
– एक वाचक, यावल

उत्तर : नाही. हायडेगरने तत्त्वातला एक शब्दही हलवला नाही, फक्त जोर हलवला. फ्रायबुर्गला १९५५-५६च्या हिवाळ्यात त्याने १३ व्याख्याने दिली, ती या एका वाक्यावर. १९५७ साली त्यांचे पुस्तक झाले.

जर्मन वाक्य असे : ‘निख्ट्स इस्ट ओने ग्रुंट’. त्यात ‘इस्ट’ म्हणजे ‘आहे’, ‘ग्रुंट’ म्हणजे कारण किंवा आधार. मराठीत घोटाळा इथेच होतो. आपल्या ‘नाही’त ‘आहे’ गडप होते आणि हायडेगरचा डोळा नेमका त्या ‘आहे’वर. म्हणून वाक्य होकारार्थी करून घ्या : ‘जे जे आहे, त्याला आधार आहे.’ आता मोठ्याने दोनदा म्हणा.

आधी ‘जे जे’वर जोर द्या. हा लायब्निझ. केळीच्या पानावर पिवळट रेघा दिसल्या, की रावेरचा शेतकरी ‘का?’ विचारतो. उत्तर मिळते : करप्याची बुरशी, दमट हवा, दाट लागवड. अशी झडती कुठल्याही वस्तूची घेता येते. लायब्निझ या तत्त्वाला ‘कारण सादर करण्याचे तत्त्व’ असेही म्हणतो. अणुयुगापर्यंतचे सारे विज्ञान या मागणीच्या हुकमतीखाली चालते, असे हायडेगर दाखवतो.

मग ‘आहे’ आणि ‘आधार’वर जोर द्या. आता बोलणे केळीचे राहत नाही, असण्याचे होते : असणे आणि आधार एकच. मग असण्याला कशाचा आधार? कशाचाच नाही. तो मागितलात, तर असणे ही आणखी एक वस्तू होऊन बसते आणि झडती पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वाचक इथेच अडकतात. ‘ग्रुंट’ म्हणजे जसे कारण, तशीच जमीन, तळही. म्हणून आधार नसलेल्या असण्याला हायडेगर ‘आबग्रुंट’ म्हणतो, म्हणजे बूड नसलेली खोली. नुसते ‘कारण’ लिहिले की हा धागा तुटतो, म्हणून ‘आधार’च बरा.

सतराव्या शतकातला कवी आंगेलुस सिलेसिउस म्हणतो, गुलाबाला ‘का’ नाही. तो फुलतो, म्हणून फुलतो. हायडेगर इथे बराच रेंगाळतो. ‘का’ नाही, पण ‘म्हणून’ आहे! माती, पाणी, ऊन ही कारणे आहेतच, ती आपण शोधतो. गुलाब मात्र फुलण्याआधी ती मागत थांबत नाही.