गहू नाही, दूध नाही, अंडे नाही : रविवारच्या बेकिंगची प्रश्नोत्तरे

सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांत यावेळी एकच अडचण वेगवेगळ्या अंगांनी आली आहे. घरात एकाला गहू वर्ज्य, दुसऱ्याने दूध-तूप सोडलेले, आणि रविवारी अकराच्या सुमाराला सगळ्यांनी एकत्र बसून निवांत खायचे. उत्तरे सविस्तर देते, कारण यातल्या एका पत्रात प्रश्न चवीचा नाही, मुलीच्या तब्येतीचा आहे.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीला सीलिएक असल्याचे निदान झाले आहे. सासूबाई म्हणतात, खपली गहू हलका असतो, त्याचे केक-बिस्कीट करून दे. खपली आमच्या शेतातलाच आहे. चालेल का?
– एक आई, कऱ्हाड

उत्तर : नाही. खपली हा गव्हाचाच जुना प्रकार आहे आणि त्यात ग्लुटेन, म्हणजे गहू-जवात असणारे चिकट प्रथिन, असते. नेहमीचा गहू जड पडणाऱ्या काहींना खपली सोसतो, त्यावरून सासूबाईंचे तसे मत झाले असेल. पण सीलिएकमध्ये प्रश्न पचनाचा नसतो. ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, आणि त्याला थोडे पीठही पुरते. मुलीला त्या दिवशी काही त्रास झाला नाही, म्हणजे आतड्याला इजा झाली नाही, असेही समजू नका. सासूबाईंना हे शक्य तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. नातीच्या मायेपोटीच त्या सांगत आहेत, त्यांना एकदा कारण पटले की घरात त्यांच्याइतकी कडक राखण दुसरे कोणी करणार नाही.

पोळी-ब्रेडमधला गहू दिसतो. न दिसणारा गहू जास्त घात करतो. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ असते, म्हणून घटक वाचून तांदळाच्या पिठाचे हिंग घ्या. थालीपिठाच्या भाजणीत गहू घालायची बहुतेक घरांची पद्धत आहे. सातूचे पीठ नको, माल्ट घातलेली पेये नकोत. ओट्स मुळात गहू नव्हे, पण शेतापासून कारखान्यापर्यंत त्यात गहू मिसळत जातो, त्यामुळे पाकिटावर तसे प्रमाणित केलेले असल्याशिवाय आणू नका, आणि आणण्याआधीही डॉक्टरांना विचारा. वाणसामानाच्या यादीत जवस लिहाल तेव्हा ठळक लिहा. जवस चालते, जव चालत नाही.

आता गिरणी. आपल्याकडच्या गिरणीत ज्वारीच्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतोच, आणि जात्यात राहिलेले पीठ तुमच्या डब्यात उतरते. आधी मूठभर तांदूळ दळून फेकले तरी सीलिएकसाठी ते पुरेसे नाही. गहू दळणारी घरघंटीही नको. तपासलेल्या पिठाची बंद पाकिटे आणा. नाहीतर ज्वारी-तांदूळ निवडून, धुऊन, कडक वाळवून मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात थोडे थोडे दळा. चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणे आणि बेकिंगचे साचे मुलीचे स्वतंत्र हवेत. ज्या वेळी ओट्यावर पोळ्या लाटल्या जात आहेत, त्या वेळी तिचे पीठ उघडूच नका, कारण उडालेली पिठी कुठेही बसते.

प्रश्न : गहू बंद केल्यावर माझे पोट बरे वाटते. आता घरात सगळ्यांचाच गहू बंद करावा का?
– वाचक, तासगाव

उत्तर : आधी तपासणी करून घ्या. सीलिएकची टीटीजी ही रक्तचाचणी गहू खाण्यात चालू असतानाच खरे सांगते. गहू सोडून काही काळ गेला की अहवाल चांगला येतो आणि आजार लपून राहतो. तुम्ही गहू आधीच बंद केला आहे, म्हणून ते डॉक्टरांना सांगा आणि तपासणीसाठी तो पुन्हा कसा सुरू करायचा हे त्यांनाच विचारा. घरातल्या बाकीच्यांना त्रास नसेल तर त्यांचा गहू बंद करायचे काही कारण नाही.

प्रश्न : ज्वारी आणि तांदळाच्या पिठाची टार्ट किंवा पाय करायला गेले की पारी लाटतानाच फुटते. साच्यात उचलून ठेवावी तर तुकडे हातात येतात. परदेशी मिश्रणाची पाकिटे फार महाग पडतात. काही उपाय?
– गृहिणी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पाकीट आणू नका. तुमच्या घरात भाकरी होते ना? मग उपाय तुमच्या हातात आहे. ज्वारीचे पीठ जुने झाले, भाकरी चिरायला लागली की आपण काय करतो? कढत पाणी घालतो. मोदकाच्या पारीला तांदळाची उकड काढतो. ग्लुटेन नसलेल्या पिठाला धरून ठेवायचे काम त्यातला शिजलेला स्टार्च करतो. मैद्यासाठी लिहिलेल्या कृतीत थंडगार लोणी आणि बर्फाचे पाणी सांगितलेले असते. ज्वारीच्या पिठाला थंड पाणी घातले तर ते फुटणारच. इंग्लंडात मांसाच्या पायसाठी उकळत्या पाण्यात चरबी वितळवून पीठ मळायची जुनी रीत आहे. तिथे चरबीच्या जागी खोबरेल घ्या आणि पीठ आपले घ्या, बस.

ज्वारीचे पीठ १०० ग्रॅम, तांदळाची बारीक पिठी १०० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर ४० ग्रॅम, इसबगोलाचा भुसा ८ ग्रॅम आणि मीठ कोरडेच एकत्र करा. वजनकाटा वापरा, घराघरातल्या वाट्या वेगळ्या असतात. १६० मिली पाण्यात ७० ग्रॅम खाण्याचे खोबरेल घालून खळखळ उकळी आणा, पिठावर एकदम ओता, लाकडी उलथन्याने कालवा आणि झाकून दहा मिनिटे ठेवा. इसबगोल तेवढ्या वेळात पाणी पिऊन चिकट होतो. मग हाताला सोसेल इतके गरम असतानाच उकडीसारखे मळा. कोरडे वाटले तर चमचा-चमचा गरम पाणी लावा. गार झाले की खोबरेल थिजू लागते आणि पीठ पुन्हा चिरते, म्हणून एका वेळी एकच गोळा बाहेर काढा, बाकीचे ओल्या फडक्याखाली राहू द्या.

जाड प्लास्टिकच्या दोन कागदांत लाटा, वरचा कागद सोडवून पारी साच्यावर उलटी करा. फाटलीच तर बोटाने सांधा, हे पीठ सांधल्याचा राग धरत नाही. मला स्वतःला टार्टपेक्षा याच्या भाजलेल्या करंज्या जास्त आवडतात. आत कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत भरते, पण ते कढईत परतून अगदी कोरडे करून. ओलसर सारणाने तळ कच्चा राहतो. कडा दाबून बंद करा, वरून शेंगदाण्याचे तेल लावा, तीळ भुरभुरा, आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १९० अंशांवर ३० ते ३५ मिनिटे ठेवा. कडा तांबूस दिसल्या पाहिजेत. ज्वारी फार लाल होत नाही, रंगाची वाट बघत बसलात तर कडक होईल.

गोड हवे असेल तर याच पिठात दोन चमचे पिठीसाखर घाला, रिकामी पारी टोचे मारून भाजून घ्या आणि गार झाल्यावर महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मांडा. फळाखाली भाजलेल्या शेंगदाण्याच्या कुटाचा थर द्या. रस तो शोषतो आणि पारी खुसखुशीत राहते.

प्रश्न : अंडे, दही, लोणी काहीच न घालता मफिन केले. फुगले छान, पण बाहेर काढल्यावर मधे बसले आणि आत चिकट राहिले. इसबगोल वाढवून पाहिला, आणखी चिकट झाले.
– वाचक, सातारा

उत्तर : इसबगोल पारीला हवा, मफिनला नको. तिथे जवसाची पूड पुरते. बसण्याची कारणे साधारण तीनच असतात : पाणी जास्त, सोडा जास्त, किंवा भाजणे कमी. मैदा फुगल्यावर तो आकार ग्लुटेन सावरून धरते. इथे स्टार्च शिजून घट्ट होईपर्यंत सावरणारे कोणी नसते, म्हणून सोड्याने घाईने फुगवलेले मफिन त्याच घाईने खाली येते.

बेदाण्याचे मफिन करून पहा. तासगावचा बेदाणा घरात असेलच. १०० ग्रॅम बेदाणे कोमट पाण्यात धुऊन, १८० मिली नारळाच्या दुधात तासभर भिजवून त्यातच वाटा. गोडी आणि ओलावा दोन्ही यातून येतात, त्यामुळे गूळ ६० ग्रॅमच पुरतो. दोन टेबलचमचे जवसाची पूड सहा टेबलचमचे पाण्यात कालवून बुळबुळीत होऊ द्या. त्यात हे वाटण, किसलेला गूळ आणि ६० मिली शेंगदाण्याचे तेल फेटा. मग तांदळाची पिठी १०० ग्रॅम, नाचणीचे पीठ ६० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर ४० ग्रॅम आणि वेलदोडा घाला. नाचणीचा रंग आणि वास गुळाला फार शोभतो.

आता पीठ वीस मिनिटे झाकून ठेवा. तांदळाची पिठी पाणी प्यायला वेळ घेते, आणि तो दिला नाही तर मफिन दाताखाली कचकचते. दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि चमचाभर लिंबाचा रस अगदी शेवटी घालून लगेच साच्यांत ओता. १८० अंशांवर २२ ते २५ मिनिटे. पहिली वीस मिनिटे ओव्हनचे दार उघडायचे नाही. टोचलेली सळई कोरडी आली तरी लगेच कापू नका. गरम असताना हे मफिन चिकटच लागते, गार होता होता आतला स्टार्च घट्ट होतो. तुम्ही कदाचित चांगले झालेले मफिनच गरम कापून वाईट ठरवले असेल.

नारळ नको असेल तर भिजवलेले शेंगदाणे चौपट पाण्यात वाटून गाळून घ्या, त्या दुधानेही काम होते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले कोणी पंगतीत नाही ना, हे मात्र आधी विचारा.

प्रश्न : बेकरीसारखी पदर सुटणारी खारी किंवा पॅटिस या पद्धतीने घरी होईल?
– वाचक, मिरज

उत्तर : त्या तोडीची होत नाही. पदर ताणायला ग्लुटेनच लागते. जवळपास जाणाऱ्या कृती आहेत, पण त्यात सगळी सकाळ जाते आणि खाणारा शेवटी मूळ खारीशीच तुलना करतो. वर सांगितलेली पारी करा, तिची कोणाशी तुलना होत नाही.

प्रश्न : पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ आणि हिरवा ठिपका, दोन्ही असले म्हणजे व्हीगन पाहुण्यांना चालेल ना?
– वाचक, वाई

उत्तर : हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, आणि व्हीगन मंडळी तर दूध-मधासकट प्राण्यांपासूनचे काहीच खात नाहीत. दूध, तूप, दुधाची भुकटी, मध या सगळ्यांना तो मिळतो. व्हीगनसाठी हिरव्या चौकटीतले ‘व्ही’ अक्षराचे वेगळे चिन्ह असते. ते नसेल तर घटक वाचा. बेकरीच्या मार्गारिनमध्येही कधी कधी दुधाचा अंश असतो. ‘ग्लुटेन फ्री’ लिहिण्यासाठी आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन ही मर्यादा आहे, तो शिक्का असलेला माल सीलिएकलाही चालतो.

प्रश्न : रविवारी दहा माणसे जेवायऐवजी ब्रंचला येणार आहेत. भाचीला सीलिएक आहे, तिचा नवरा व्हीगन. बाकीच्यांसाठी पावभाजी आहे. शनिवारी काय करून ठेवता येईल?
– एक मावशी, सातारा

उत्तर : मावशी, पाव एक दिवस राहू द्या. भाचीचे ताट वेगळे आणि बाकीच्यांच्या हातात पाव असला की चुरा तिच्या ताटात जाणारच, शिवाय तिला दर घासाला आपण वेगळे असल्याची जाणीव होते. भाजी तशीच ठेवा, वरचे लोणी वगळून आणि मसाल्याचे घटक वाचून, आणि सोबत तांदळाची घावने काढा, पण वेगळ्या तव्यावर.

शनिवारी ओव्हन आणि ट्रे स्वच्छ करून भरताच्या करंज्यांची पारी-सारण जोडून घ्या आणि कच्च्याच डीप फ्रीझरमध्ये टाका. रविवारी न वितळवता थेट ओव्हनमध्ये, पाच-सात मिनिटे जास्त. मफिन शनिवारी संध्याकाळी भाजून, पूर्ण गार करून डब्यात बाहेरच ठेवा. फ्रिजमध्ये ठेवले तर तांदळाचा स्टार्च रात्रीत कडक होतो. सकाळी १५० अंशांवर पाच मिनिटे गरम केले की मऊ होतात. उन्हाळ्यात मात्र नारळाचे दूध टाळा, ते रात्रभर बाहेर टिकणार नाही. त्याऐवजी पाण्यात बेदाणे वाटा आणि तेल चमचाभर वाढवा. भाचीला घटकांची पाकिटे आल्या आल्या दाखवा. तिला विचारावे लागू नये.