आराखडा परत पाठवताना

कोल्हापूर

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा जर्मनच्या संस्कृती-घटकांचा आराखडा दोनदा वाचला. ऑक्टोबरफेस्ट, किल्ले, पाव, मोटारी, नाताळ आणि बर्लिनची भिंत असे सहा घटक तू योजले आहेस. पहिले दोन शिकवून झाल्यावर मुले खूश आहेत, पण त्यांना चार वाक्ये बोलता येत नाहीत, असे लिहितेस. तू वस्तू निवडल्यास, प्रसंग निवडले नाहीस. घटक प्रसंगापासून सुरू करावा.

समज, म्युनिकमध्ये कोणी मराठी शिकवताना कोल्हापूर म्हणून तांबडा-पांढरा रस्सा, चप्पल आणि पैलवान यांची चित्रे दाखवली. त्यांचा विद्यार्थी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभा राहिला, तर समोर म्हशीची धार काढणाऱ्या माणसाला काय म्हणून हाक मारणार आणि दूध कसे मागणार? तुझा आराखडाही मुलांना असाच मुका ठेवतो.

नोकरीच्या सुरुवातीला मी नाताळच्या घटकावर बारा तासिका घालवल्या. नाताळपर्यंतचे दिवस मोजणारी चोवीस खिडक्यांची ॲडव्हेंट दिनदर्शिका झाली, कागदाच्या चांदण्या झाल्या. मग एक वयस्क जर्मन पाहुण्या वर्गात आल्या आणि माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याने त्यांना सरळ 'डू', म्हणजे 'तू', म्हटले. त्या हसल्या, तो मात्र तास संपेपर्यंत पुन्हा बोलला नाही. वडिलांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या घरातला तो मुलगा. भेद त्याच्या अंगवळणी होता, तो फक्त जर्मनशी जोडून द्यायचा होता, आणि मी चांदण्या कापत बसले होते. त्याचे मला अजून वाईट वाटते.

म्हणून सांगते, 'डू' आणि आदरार्थी 'झी', म्हणजे 'तुम्ही', यांवरच तीन आठवड्यांचा घटक कर. आपले तू-तुम्ही येथे मदत करते आणि फसवतेही. आपल्याकडे अनेक घरांत आई 'तू' असते आणि वडील 'तुम्ही'. तिकडे आई-वडील, आजी-आजोबा सगळेच 'डू', आणि दुकानात काम करणारी विशीतली अनोळखी मुलगी 'झी'. 'झी'वरून 'डू'वर यायचे असेल, तर तसे सहसा वयाने किंवा अधिकाराने मोठ्या व्यक्तीने सुचवायचे असते. हा एक प्रसंग. शाळेच्या वरच्या वर्गांत शिक्षक विद्यार्थ्यांना 'झी' म्हणू लागतात, हा दुसरा. सर्वनाम बदलले की क्रियापदाचे रूपही बदलते, त्यामुळे व्याकरण आपोआप त्याच तासात येते. वेळ पुरत नाही, हे कारण मला सांगू नकोस.

पाव ठेव, पण संध्याकाळच्या थंड जेवणाचा प्रसंग म्हणून. गरम भाजीची वाट पाहणारा आपला मुलगा यजमानांशी काय बोलेल, ते त्याच्याकडून बोलवून घे. मोटारींऐवजी रिकामी बाटली घे. एकदाच वापरायच्या बाटलीवर तिकडे २५ सेंट अनामत असते. ती यंत्रात टाकली की चिठ्ठी मिळते आणि चिठ्ठी गल्ल्यावर दिली की पैसे. यंत्राने बाटली घेतलीच नाही तर? तुझा पाठ तेथे सुरू होतो. भिंत पुढच्या वर्षासाठी ठेव. १९६१ ते १९८९ चा इतिहास पहिल्या वर्षाच्या शब्दसंग्रहात बसवू गेलीस, तर तो तुला मराठीतच सांगावा लागेल.

त्या पाहुण्यांच्या भेटीनंतर मी नाताळचा कार्यक्रम बसवणे बंद केले. सहकाऱ्यांनी रूक्ष म्हटले, एका वर्षी प्रवेश घटले तेव्हा दोषही माझ्याकडे आला. मी हटले नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण नंतरची मुले परक्या दारात उभी राहून स्वतःचे म्हणणे मांडू शकत होती. तू माझ्याइतकी ताठर होऊ नयेस असे वाटते, पण या एका बाबतीत हो.

रविवारी चारनंतर ये. किल्ले खोडून आण, आणि प्रत्येक घटकापुढे त्यातले पहिले जर्मन वाक्य, ते कोण कोणाला म्हणते यासह, लिहून आण.

तुझी,
बाई