कामावरचा गट कशाने एकत्र राहतो, आणि त्याने काय फरक पडतो?

सहली आणि वाढदिवसाच्या केकने टीम जुळते का, असं विचारलंय तुम्ही. थोडीफार जुळते. पण टिकते ती एकमेकांवाचून काम अडतं म्हणून.

मी नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात होतो. आमच्या पाळीत दोघांचं आपसात बोलणंच बंद होतं. तरी मे महिन्यात पारा ४५ वर गेला, की भट्टीजवळ उभ्या असलेल्याच्या हातातला पान्हा दुसरा न बोलता काढून घ्यायचा आणि नुसत्या मानेने माठाकडे खूण करायचा. शेजारची पाळी सगळी जिगरी दोस्तांची, रोज सोबत तर्री-पोहे. पण मशीन सोपवताना कोणता बोल्ट ढिला आहे ते कोणी सांगत नसे. मुलन आणि कॉपर या संशोधकांनी १९९४ मध्ये आधीची संशोधनं एकत्र तपासली, त्यातही कामगिरीशी जास्त संबंध कामाच्या बांधिलकीचाच दिसला, आपसातल्या आवडीचा कमी.

पण एक गोम आहे. एकी म्हणजे जास्त उत्पादन, असं नाही. अमेरिकेत सीशोर या संशोधकाने १९५४ च्या अभ्यासात एका यंत्रनिर्मिती कंपनीतले २२८ गट पाहिले. घट्ट गटातली माणसं साधारण सारखंच काम करत: कंपनीचा आधार वाटला तर सगळेच जास्त, नाही तर सगळेच कमी. आमचे ओव्हरटाइमचे पैसे अडकले तेव्हा हेच झालं. कोणी काही ठरवलं नव्हतं, पण फळ्यावरचा उत्पादनाचा आकडा रोज तोच, एका नगाचाही फरक नाही.