नवऱ्याचा सत्कार झाला, मग मला आनंद का नाही झाला?

"मॅडम, त्यायचा सत्कार झाला तं मले आनंद काऊन नाही झाला? मी जळते का नवऱ्यावर?"

यवतमाळ जिल्ह्यातली ही बाई खरं तर डोकेदुखीसाठी आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घरची छोटी डाळ मिल. तालुक्याच्या कार्यक्रमात नवऱ्याला शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात त्याने बँकेचे आभार मानले, मित्रांचे मानले. ही समोरच बसली होती. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कामापुरतंच.

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच जणी आणतात, आणि विचारताना प्रत्येकीची मान खाली असते. जळणाऱ्याला समोरच्याचं वाईट व्हावंसं वाटतं. हिला तसं काहीच वाटत नव्हतं. मिल बंद पडली असती तर आधी हिच्याच डोळ्यांत पाणी आलं असतं. सोसलेलं कोणी मोजलं नाही की जे आत साचतं, ते हे होतं. त्यावर डोकेदुखीची गोळी कशी लागू पडणार?

मी तिला डाळ कशी करतात ते विचारलं आणि बाई खुलली. तुरीला तेल किती चोळायचं, ऊन किती दाखवायचं, पाणी मारून ढीग किती वेळ झाकून ठेवायचा. दाणा दाताखाली धरला की आवाजावरून तिला कळतं, माल मिलला घालायचा की अजून एक ऊन द्यायचं. ओलसर राहिला तर साल सुटत नाही, डाळ फुटते, चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, वाढते आणि भाव पडतो. उधारीची वही तिच्या अक्षरातली. मिलसाठी गहाण पडलेले दागिनेही तिचेच.

पुढच्या बैठकीला नवरा आला. माणूस वाईट नाही. "तिचंच तं हाये सारं," म्हणाला. हे वाक्य ऐकलं की मी कागद बघायला मागते. धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी त्याच्या एकट्याच्या नावावर, बँकेचं खातंही त्याचंच. मग विचारलं, "तूर मिलला कधी घालायची, हे कोण ठरवतं?" तो जरा थांबला. "ते हिलेच समजते."

त्याला मोबाईलवर उद्योजकांच्या गोष्टी ऐकायचा नाद. इन्फोसिस 1981 मध्ये सुधा मूर्तींच्या 10,000 रुपयांवर उभी राहिली, हे त्यानेच मला सांगितलं. त्या स्वतः इंजिनीअर होत्या, तरी त्यांना कंपनीबाहेर ठेवलं गेलं. ती चूक होती, असं नारायण मूर्तींनी पुढे जाहीरपणे म्हटलं, हे मी सांगितलं. तेवढा भाग त्याने ऐकला नव्हता.

कागदांबद्दल दोघांना स्पष्ट सांगितलं. धंदा एकट्याच्या मालकीचा असेल तर बायकोने कितीही राबलं तरी त्यात तिचा वाटा आपोआप धरला जात नाही. 1932 च्या कायद्याप्रमाणे भागीदारीपत्र करता येतं. पण मग नफ्यासोबत कर्जाची जबाबदारीही तिच्यावर येते, हे समजून सही करायची. उलटी तऱ्हाही मी पाहिली आहे: योजनेसाठी कागदावर बाई मालकीण आणि चेकबुक नवऱ्याच्या खिशात. तसलं नाव काय कामाचं?

तिला काय हवंय, हे मात्र आम्ही दोघांनीही गृहीत धरलं होतं. तिला स्टेजवर जायचं नव्हतं. दागिने आधी सोडवायचे, दर महिन्याला स्वतःच्या खात्यात ठरलेली रक्कम, आणि डाळीच्या पाकिटावर तिचा मोबाईल नंबर. "गिऱ्हाईक मलेच विचारते, कोनती डाळ लवकर शिजते. मंग नंबर त्यायचा काऊन?"

पाकिटं लगेच बदलली. पैसेही खात्यात येऊ लागले. दागिने अर्धेच सुटले. भागीदारीपत्राचं अजून "पाहू" चाललं आहे आणि त्यावर दोघं भांडतात; पण आता निदान बोलून भांडतात. डोकं दुखतं, पण पूर्वीइतकं नाही.

मध्यंतरी तिच्यासोबत सासूबाई आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे दोघं मिलमंदी होते तं पोरं कोनं सांभायली?"

सून माझ्याकडे बघायला लागली. पुढच्या बैठकीला तिघांना बोलावलं आहे.