'महाभियोग राजकीय असतो' म्हणजे काय?

विचारणा अशी आहे: 'महाभियोग राजकीय असतो' या वाक्यात 'राजकीय' हे वर्णन समजायचं की आरोप? आणि अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग आला, तरी ते पदावर राहिले कसे?

दुसरं सोपं आहे, ते आधी. 'अभियोग' म्हणजे आरोप ठेवून खटला भरणं. 'अभियोक्ता' हा शब्द त्यातलाच. शिक्षा त्यात येत नाही. अमेरिकेत संसदेचं कनिष्ठ सभागृह, म्हणजे प्रतिनिधिगृह, साध्या बहुमताने आरोप ठेवतं, खटला वरिष्ठ सभागृहापुढे, म्हणजे सिनेटपुढे चालतो आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्ये आरोप ठेवले गेले, १९९९ मध्ये ते सुटले. मराठी मथळे दोन्ही टप्प्यांना 'महाभियोग'च म्हणतात, तिथे घोळ होतो. पहिल्याला 'दोषारोप' म्हणावं, पण ऐकतंय कोण!

आता 'राजकीय'. मराठीत 'यात राजकारण आहे' म्हटलं की वाईटच अर्थ निघतो. अमेरिकी राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी एक अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये एका लेखात महाभियोगाला पात्र गुन्ह्यांना राजकीय म्हटलं ते वेगळ्या अर्थाने: सार्वजनिक विश्वासाचा भंग झाला की इजा समाजालाच होते, म्हणून. मात्र निकाल दोषापेक्षा पक्षांच्या बळावर लागेल, ही भीतीही त्यांनी त्याच लेखात बोलून दाखवली.

१८६८ चं अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांचं प्रकरण पाहा. सिनेटच्या संमतीशिवाय अधिकारी काढायचे नाहीत असा कायदा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, आदल्या वर्षी केला होता. जॉन्सन यांनी युद्धमंत्री स्टँटन यांना काढलं आणि आयतंच निमित्त मिळालं. खरं भांडण यादवी युद्धानंतर दक्षिणेकडच्या राज्यांच्या पुनर्रचनेवरून आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या हक्कांवरून होतं. म्हणजे कायद्याचं कलम ही सबब, आणि जे 'राजकारण' म्हणायचं त्यातच तत्त्व! दोषी धरण्याच्या बाजूने ३५ मतं पडली, विरुद्ध १९. दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं आणि जॉन्सन वाचले. सात रिपब्लिकन सदस्य आपल्या पक्षाविरुद्ध जाऊन जॉन्सन यांच्या बाजूने गेले, ते तत्त्वासाठी असं म्हणायची पद्धत आहे. पण जॉन्सन गेले असते तर सिनेटचे हंगामी सभापती, रिपब्लिकन बेंजामिन वेड देशाचे अध्यक्ष झाले असते, आणि वेड तर स्वपक्षातल्याही अनेकांना नको होते.

म्हणून मी 'राजकीय प्रक्रिया' हे वर्णन म्हणूनच वापरतो. आरोपच करायचा असेल तर 'पक्षीय स्वार्थापोटी' किंवा 'आकसापोटी' लिहावं. मग तो सिद्ध करायची जबाबदारीही लिहिणाऱ्यावर येते.